आठ महिने न गेलेल्या मानेच्या गाठी: किती तपासायचं आणि कुठे थांबायचं

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. वय ३१, वजन ४६ किलो, तंबाखू-मिश्री काही नाही. मानेच्या उजव्या बाजूला तीन गाठी आठ महिन्यांपासून हाताला लागतात, एक जबड्याखाली आणि दोन मानेच्या कडेला. दुखत नाहीत, ताप नाही. चौथ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत सगळ्यांत मोठी गाठ १३ × ६ मिमी, आठव्या महिन्यात १४ × ६. सुईच्या तपासणीत 'रिअ‍ॅक्टिव्ह' आलं, म्हणजे संसर्गाला प्रतिसाद म्हणून फुगलेली साधी गाठ. छातीचा एक्स-रे स्वच्छ, हिमोग्लोबिन १०.८, ईएसआर (शरीरात कुठे दाह आहे का याचा ढोबळ अंदाज देणारी रक्ततपासणी) २८, बाकी रक्त ठीक. एका डॉक्टरांनी 'विसरून जा' म्हटलं, दुसऱ्यांनी टीबीची औषधं सुरू करून बघू म्हटलं, आणि नात्यात कुणीतरी पेट स्कॅन (किरणोत्सर्गी साखर टोचून काढतात तो सगळ्या शरीराचा स्कॅन) सुचवला. तुमचा प्रश्न: 'हा कॅन्सर असेल का?' आणि शेवटची ओळ: दिवसातून वीस वेळा हात मानेकडे जातो, रात्री झोप लागत नाही.

यात खरं तर दोन प्रश्न आहेत. आतापर्यंतची तपासणी पुरेशी झाली का, हा पहिला. आणि पुरेशी असेल तर न जाणारी गाठ घेऊन रोजचे दिवस कसे काढायचे, हा दुसरा. 'विसरून जा' म्हणणाऱ्या डॉक्टरांनी बहुधा पहिल्याचं उत्तर बरोबर दिलं, पण दुसरा प्रश्न त्यांनी ऐकलाच नाही. मी तुमची मान हाताने तपासलेली नाही आणि गाठीच्या बाबतीत हाताला बराच मान आहे, तेव्हा पुढचं सगळं तुम्ही दिलेल्या आकड्यांवर आधारलेलं आहे, हे धरून वाचा.

'आठ महिने झाले तरी जात नाही' याचीच सगळ्यांना भीती वाटते. पण गाठ किती दिवसांची आहे यापेक्षा ती बदलते आहे का, हे जास्त महत्त्वाचं. घसा, दात किंवा डोक्याच्या कातडीतल्या जंतुसंसर्गाने फुगलेली लसिकाग्रंथी (जंतूंशी लढणाऱ्या पेशींची छोटी गाठ) बरेचदा पूर्ण मूळ आकारावर येत नाही. आत थोडे तंतू तयार होतात आणि ती छोटी, चपटी, हलणारी गाठ म्हणून वर्षानुवर्षं राहते. मानेत दोन्ही बाजू मिळून सुमारे ३०० लसिकाग्रंथी असतात. वजन ४६ किलो असलेल्या माणसाच्या मानेवर चरबी कमी, म्हणून ज्या दुसऱ्या कुणाला जाणवल्याही नसत्या त्या तुम्हाला बोटांना लागतात. याउलट कॅन्सरची गाठ आठ महिने जिथल्या तिथे, तेवढ्याच आकारात सहसा बसून राहत नाही. सावकाश वाढणारे लिम्फोमा (लसिकाग्रंथींचेच कॅन्सर) असतात, पण तेही सहसा हळूहळू वाढतात, आणि बहुतेक वेळा जास्त वयात दिसतात.

आता १३ चे १४ झाले याबद्दल. सोनोग्राफीत प्रोब किंचित तिरका धरला तरी लांबीत १-२ मिमीचा फरक पडतो. दोन वेगवेगळ्या केंद्रांवर, दोन वेगळ्या डॉक्टरांनी केलं असेल तर नक्कीच. त्यामुळे तो बदल मोजायचा नाही. रिपोर्टमध्ये बघायचा तो दुसरा, लहान आकडा. तुमचा दोन्ही वेळा ६ आहे. निरोगी गाठ राजम्याच्या दाण्यासारखी लांबट-चपटी असते, म्हणजे लांबी ही जाडीच्या दुपटीहून जास्त. तुमची १४ × ६ त्यात बसते. रोगट गाठ फुगून गोल होते, १४ × १२ अशी. दुसरी गोष्ट म्हणजे मधला चरबीचा पांढरा भाग, ज्यातून रक्तवाहिन्या आत शिरतात. रिपोर्टमध्ये 'हायलम' असा शब्द शोधा. तो 'प्रिझर्व्ह्ड' किंवा 'मेंटेन्ड' असेल तर चांगलं. तो नाहीसा झालेला असेल, रक्तप्रवाह मधून न जाता कडेकडेने दिसत असेल, आत पातळ झालेला काळा भाग असेल, किंवा अनेक गाठी एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला असेल, तर पुढची तपासणी करावीच लागते. तुम्ही हायलमबद्दल लिहिलेलं नाही. रिपोर्टमध्ये उल्लेखच नसेल तर त्याच केंद्राला फोन करून विचारा, फोटो त्यांच्याकडे साठवलेले असतात.

जागेचंही तसंच. जबड्याखाली १ सेंटीमीटर आणि जांघेत दीड सेंटीमीटरपर्यंतच्या मऊ गाठी निरोगी माणसातही लागतात. जांघेत तर अनवाणी चालण्याने, पायाच्या भेगांनी, कधीतरी झालेल्या जखमेने अवधाण आलेलं असतं आणि ते विरलं तरी गाठ उरते. पण गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात लागणारी कुठलीही गाठ, कितीही लहान, थांबून बघायची नसते. डाव्या खळग्यातली गाठ पोटातल्या आजाराचं आणि उजव्या खळग्यातली छातीतल्या आजाराचं पहिलं लक्षण असू शकते. तुमच्या तिन्ही गाठी या जागेपासून दूर आहेत.

ईएसआर २८ ने तुम्हाला घाबरवलंय. हिमोग्लोबिन १०.८ असताना ईएसआर एवढा वाढू शकतो, त्यासाठी वेगळा आजार लागत नाही. आधी लोहाची कमतरता आहे का ते फेरिटिन (लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) करून बघा आणि असेल तर भरून काढा. ईएसआरचा आकडा धरून गाठीचं निदान करता येत नाही.

सुईच्या तपासणीबद्दल, म्हणजे एफएनएसीबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बारीक सुईने गाठीतल्या सुट्या पेशी ओढल्या जातात. गाठीची आतली रचना त्यात येत नाही. तोंडाच्या किंवा थायरॉइडच्या कॅन्सरमधून गाठीत उतरलेल्या पेशी वेगळ्या दिसतात, त्या सुईने चांगल्या पकडल्या जातात. टीबीतले ग्रॅन्युलोमा (पेशींचे छोटे पुंजके) आणि पनीरसारखा मृत भागही बरेचदा सापडतो. पण लिम्फोमा, आणि त्यातही हॉजकिन्स हा प्रकार, सुईला चकवू शकतो: त्यातल्या खऱ्या रोगट पेशी थोड्या, बाकी गर्दी साध्या पेशींची. म्हणून नियम असा की गाठ हाताला आणि सोनोग्राफीत निरुपद्रवी वाटत असेल आणि एफएनएसीही 'रिअ‍ॅक्टिव्ह' असेल, तर त्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा. गाठ संशयास्पद असेल आणि एफएनएसी 'रिअ‍ॅक्टिव्ह' आली, तर तिच्यावर विसंबायचं नाही. तेव्हा पुन्हा पुन्हा सुई टोचण्यात अर्थ नाही, पूर्ण गाठ काढून तपासायची. तुम्ही सांगितलेल्या आकड्यांवरून तुम्ही पहिल्या प्रकारात आहात.

आता 'टीबीची औषधं सुरू करून बघू'. आपल्याकडे तरुण माणसाच्या मानेतली बरीच दिवसांची गाठ म्हटलं की टीबी मनात आणायलाच हवा, त्यात त्या डॉक्टरांचं काही चुकलं नाही. जुन्या लोकांच्या तोंडी असलेली गंडमाळ ती हीच. पण टीबीची गाठ सहसा अशी वागत नाही. ती आठवड्यांत-महिन्यांत वाढते, शेजारच्या गाठींना चिकटते, मग मऊ पडते, वरची कातडी लाल-जांभळी होते आणि शेवटी फुटून वाहू लागते. छातीचा एक्स-रे बरेचदा नॉर्मलच असतो, त्यामुळे त्यावरून टीबी नाकारता येत नाही. हाताच्या कातडीत टोचून करतात त्या मांटू चाचणीचंही तेच. आपल्याकडे लहानपणी टीबीच्या जंतूंशी संपर्क आलेली माणसं इतकी आहेत की पॉझिटिव्ह आली तरी या गाठीबद्दल ती काही सांगत नाही. पुरावा गाठीतूनच यायला हवा: सुईने निघालेला द्राव सीबीनॅटला (टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघणं), किंवा बायोप्सी.

पुराव्याशिवाय औषधं सुरू करण्याला माझा विरोध का, तर त्याने प्रश्न सुटत नाही, अडकतो. ठरलेला कोर्स सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गाठ मुळात जुनी आणि स्थिर असेल तर सहा महिन्यांनीही ती तिथेच असणार. मग प्रश्न येतो: औषध लागू पडलं नाही म्हणायचं, की टीबीचे जंतू औषधाला दाद देत नाहीत म्हणायचं, की टीबी नव्हताच? शिवाय लिव्हरवर ताण, इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजरेवर परिणाम, आणि रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे तर तुमच्या वयाच्या बाईला कुणी सांगतही नाही. पुरावा मिळाला तर मात्र हीच औषधं एक दिवस न चुकवता घ्यायची. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत गाठ वाढू शकते, नवी येऊ शकते. ते शरीराच्या प्रतिकारातून होतं, लगेच औषध बदलू नये, गरज वाटली तर द्राव पुन्हा तपासावा. आणि कोर्स संपल्यावर सेंटीमीटरभर गाठ उरली म्हणजे उपचार फसले असं नाही. फुफ्फुसं स्वच्छ असतील तर नुसत्या गाठीचा टीबी घरच्यांना लागत नाही. ताट वेगळं, खोली वेगळी असलं काही करायचं नाही, आणि त्यावरून कुणाचं ठरलेलं लग्न मोडण्याचं तर काहीच कारण नाही. सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये मिळतात, त्यासाठी नोंदणी मागून घ्या.

दोन औषधांच्या बाबतीत मी फार आग्रही असतो. निदानाआधी गाठ 'बसवायला' स्टिरॉइड घेऊ नका. लिम्फोमा असेल तर तो त्याने काही आठवडे विरघळल्यासारखा होतो, बायोप्सीत नीट दिसत नाही आणि मौल्यवान वेळ जातो. आणि 'एक कोर्स करून बघू' म्हणून लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक्स नकोत. ती टीबीच्या जंतूंवरही काम करतात, गाठ अर्धवट दबते, कल्चर खोटं निगेटिव्ह येतं. गाठ लाल, गरम, दुखरी असेल, दात किंवा घसा आलेला असेल, तर साधं अँटिबायोटिक योग्य आहे. शांत, न दुखणाऱ्या गाठीला अँटिबायोटिक देऊन काही साधत नाही.

पेट स्कॅन तुमच्यासाठी नको. साधी सर्दी झालेली गाठही त्यात चमकते, टीबीची चमकते, लिम्फोमाचीही चमकते. निदान झाल्यावर आजार कुठवर पसरलाय ते बघायला तो उत्तम आहे. निदानासाठी केला तर किरणोत्सर्ग आणि खर्च सोसून हातात नवा संशय येतो.

कारण शोधायचं राहिलं असेल तर ते मानेत न शोधता गाठीच्या वरच्या बाजूला शोधा. जबड्याखालच्या गाठीसाठी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे काढा. मेलेल्या दाताच्या मुळाशी साठलेला संसर्ग अजिबात दुखत नाही, आणि खालच्या दाढांचा निचरा नेमका याच गाठीत होतो. मानेच्या कडेच्या आणि मागच्या गाठींसाठी डोक्याची कातडी बघा: कोंडा, उवा, फोड, केसांच्या कलपाची अ‍ॅलर्जी. फिट्ससाठीचं फेनिटॉइन, युरिक अ‍ॅसिडसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल अशा औषधांनीही गाठी येतात. एचआयव्हीची चाचणी अशा प्रत्येक रुग्णात एकदा करावी, त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नसतो. तरुण बायकांमध्ये ताप आणि मानेच्या दुखऱ्या गाठी घेऊन येणारा किकुची नावाचा आजार आहे, १९७२ मध्ये जपानमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. तो बायोप्सीतच कळतो आणि बहुतेकदा चार महिन्यांत आपोआप जातो. तुम्हाला ताप नाही, म्हणून तो इथे बसत नाही.

हे वाचणाऱ्या चाळिशीपुढच्या, तंबाखू, गुटखा, मिश्री असणाऱ्या लोकांनी मात्र वरचा धीराचा सूर स्वतःला लावून घेऊ नये. तुमच्या मानेत टणक, न हलणारी गाठ आली तर तोंड, जीभ, घसा दुर्बिणीने तपासून मगच सुई, आणि हे दोन आठवड्यांच्या आत. तिथे गाठ आधी कापून काढणं ही चूक ठरते, कारण मूळ जागा सापडण्याआधी मान उघडली तर पुढचं ऑपरेशन अवघड होतं.

कॅन्सरची शक्यता किती, हे तुम्ही थेट विचारलंत. नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरांकडे कारण न कळलेल्या गाठी घेऊन येणाऱ्यांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण सुमारे १ टक्का लोकांत कॅन्सर निघाला, चाळिशीच्या आत ०.४ टक्के आणि चाळिशीपुढे ४ टक्के. आपल्याकडे टीबी जास्त, तोंडाचा कॅन्सर जास्त, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण तुमचं वय, चपटा आकार, चार महिन्यांत न बदललेली जाडी आणि साधी एफएनएसी हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं.

म्हणजे आत्ता करायचं काय, तर हायलम विचारून घ्या, ओपीजी, फेरिटिन आणि एचआयव्ही करा, आणि शेवटच्या सोनोग्राफीपासून तीन महिन्यांनी त्याच केंद्रावर, शक्यतो त्याच डॉक्टरांकडून पुन्हा सोनोग्राफी. जाडी तेवढीच राहिली तर पुढची सहा महिन्यांनी, आणि तीही तशीच आली तर सोनोग्राफी बंद. जाडी १० मिमीपुढे गेली, हायलम गेला, गळ्याच्या हाडावर नवी गाठ आली, ३८ अंश सेल्सिअसवर ताप दोन आठवडे राहिला, पांघरूण-गाऊन बदलावा लागेल असा रात्री घाम आला, किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं, म्हणजे तुमच्या बाबतीत ४६ चं ४१ च्या आसपास, तर तारखेची वाट न पाहता दाखवायचं. विदर्भातल्या मे महिन्यात लाईट गेल्यावर येणारा घाम यात धरू नका. आणि काळजीने जेवण सुटून दोन किलो कमी होतात, तेही वेगळं.

बायोप्सीची वेळ आलीच तर हे पक्कं करून घ्या. सोपी सापडणारी नव्हे, सगळ्यात रोगट दिसणारी गाठ अख्खी काढायची. ऑपरेशनआधी सर्जनला विचारा की गाठ कशात पाठवणार. सगळी फॉर्मॅलिनच्या डबीत टाकली तर टीबीचे जंतू मरतात आणि कल्चर करताच येत नाही, ही चूक फार ठिकाणी होते. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला), दुसरा साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट आणि कल्चरसाठी, दोन डब्या, दोन चिठ्ठ्या. मानेच्या मागच्या त्रिकोणातून खांदा उचलणारी नस जाते आणि जबड्याखालून ओठाचा कोपरा हलवणारी, म्हणून हे काम मानेची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच द्या. पू झालेली टीबीची गाठ नुसती चिरून मोकळी केली तर महिनोन्महिने वाहत राहते. तिथे सुईने, बाजूच्या चांगल्या कातडीतून, पू ओढून काढतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दिवसातून वीस वेळा दाबलेली गाठ दुखू लागते, आजूबाजूचा भाग सुजतो, बोटांना ती मोठी वाटते. मग त्या दुखण्याचीच नवी भीती. हात लावायचा नाही असं ठरवून जमत नाही, म्हणून त्याला वेळ ठरवून द्या. महिन्याची एक तारीख, अंघोळीनंतर, एक मिनिट. मान उजवीकडे किंचित झुकवायची म्हणजे स्नायू सैल पडतो, दोन बोटांच्या सपाट भागाने हळू फिरवायचं, चिमटीत धरायचं नाही. दुसरी बाजूही बघायची. जबड्याखाली दोन्हीकडे सारखी लागणारी मऊ गोळी ही लाळग्रंथी असते आणि मानेच्या पुढच्या भागात बोटाखाली उडणारं फुगीर ते रक्तवाहिनीचं दुभागणं. बरेच लोक यांनाच नव्या गाठी समजतात. वहीत तारीख, वजन आणि 'तशीच' किंवा 'वाढली' एवढंच लिहा. मधल्या दिवसांत हात गेला तर वही उघडून मागची नोंद वाचा. घरातल्या एका माणसाला पुढच्या सोनोग्राफीची तारीख सांगून ठेवा आणि बाकीच्यांना रोज 'आज कशी आहे' विचारू नका म्हणून स्पष्ट सांगा. हे महिनाभर करूनही झोप येत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, तर तो त्रास खरा आहे आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोला. म्हणजे गाठीकडे दुर्लक्ष केलं असं होत नाही, तिची तारीख वहीत आहेच.

डॉक्टर बदलायचे असतील तर आता एकदाच बदला आणि मग एकाकडेच राहा. तीन डॉक्टरांची तीन मतं ही बरीचशी प्रत्येकाने अर्धेच कागद बघितल्यामुळे झालेली असतात. एफएनएसीच्या काचा (पेशी पसरलेल्या स्लाइड) प्रयोगशाळेकडे असतात, लेखी मागितल्यावर मिळतात. मन फारच अस्वस्थ असेल तर नवी सुई टोचून घेण्याआधी त्याच काचा मेडिकल कॉलेजच्या किंवा कॅन्सर रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात पुन्हा वाचून घ्या. जाताना दोन्ही सोनोग्राफीचे रिपोर्ट फोटोंसकट, एक्स-रेची फिल्म, रक्ताचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या, आणि आतापर्यंत घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव आणि दिवस एका कागदावर लिहून सगळ्यात वर ठेवा.